माळाच्या मुलखात येताना
(प्रस्तावना)

पुण्याहून सोलापूरला निघालेली गाडी भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी मागे टाकत मोडनिंबला येते आणि बहुतेक वेळा न थांबताच मोहोळकडे जाते. काच खाली करावी असं प्रवाशाला बाहेर काही दिसत नाही. ऊस, मधेच ज्वारी, एखादी डाळिंबाची बाग आणि यातलं काहीच नसेल तिथं पिवळं पडलेलं गवत नि चार-दोन हिवराची झाडं. ‘दुष्काळी भाग’ एवढा शेरा मारून तो डोळे मिटतो. कदाचित याच प्रवाशानं पुढच्या वर्षीच्या केनियाच्या सहलीचे पैसे भरलेले असतात. तिथं पहाटे उठून, उघड्या जीपमध्ये उभं राहून तो काय बघणार? पिवळं गवत, विरळ काटेरी झाडं आणि त्यांच्यामधून पळणारी हरणं.

केनियाला जरूर जावं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण काळविटांचे कळप, त्यांच्या मागावरचा लांडगा, रात्री निघणारं तरस, खोकड आणि उघड्या जमिनीवर अंडी घालणारे धाविक, पखुर्डी, माळटिटवी हा सगळा संसार मोडनिंबपासून शे-सव्वाशे किलोमीटरच्या टापूत आजही नांदतो आहे. पूर्वेला सोलापूर-बार्शी रस्त्यावर नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे. पश्चिमेला उजनीचा अफाट फुगवटा आहे आणि भिगवण, कुंभारगावच्या काठाला रोहित पक्षी उतरतात. उत्तरेला करमाळा ओलांडून कर्जतजवळ रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य लागतं. ते जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं आहे. इंदापूरजवळचं कडबनवाडी आणि बारामतीकडचं शिर्सुफळ इथं वनखात्यानं अलीकडे गवताळ भागाची सफारी सुरू केली आहे. यांच्या अधेमधे, कुठल्याच फलकावर नाव नसलेले गायरानांचे आणि मुरमाड माळांचे शेकडो तुकडे पसरले आहेत. खरी गंमत बहुतेक वेळा त्यांच्यातच असते.

या मुलखात येणाऱ्यांसाठी मराठीत एक सांगोपांग मार्गदर्शक असावं, या गरजेतून हे पुस्तक झालं.

माळावर कसं जावं याचं ज्ञान आपल्याकडे नव्हतं असं नाही. ते निरनिराळ्या लोकांकडे विखुरलेलं होतं आणि एकाचं दुसऱ्याला ठाऊक नव्हतं. सगळ्यांत जुनं ज्ञान धनगरांचं आणि पारध्यांचं. कुठल्या ओढ्याला चैत्रातही पाणी राहतं, लांडग्याची ये-जा कुठल्या घळीतून असते, हरणाचा कळप वाऱ्याच्या कुठल्या अंगाला बसतो, हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. पारध्यांच्या ज्ञानाचं पुढे काय झालं हे सांगायला जीभ रेटत नाही. १८७१ च्या कायद्यानं आख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवल्या, त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणातल्या वसाहती झाल्या, सोलापुरातही झाली. १९५२ साली कायदा गेला, संशय मात्र अजून पुरता गेलेला नाही. माळावर पारधी दिसला की शिकारीच असणार असं मानणारे शहरी पाहुणे मी पाहिले आहेत.

दुसरी परंपरा शिकाऱ्यांची. साहेबांच्या आणि संस्थानिकांच्या काळात माळावर जायचं ते बंदूक घेऊनच. कोल्हापूर संस्थानानं तर माणसाळवलेल्या चित्त्यांकडून काळविटांची शिकार करवली आणि देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा ते आफ्रिकेतून आणवले. कुनोत २०२२ साली नामिबियातून चित्ते आले तेव्हा हा इतिहास फार थोड्यांना आठवला. शिकाऱ्यांच्या लिखाणात वारा, सावली, पाऊलखुणा यांबद्दलचा सल्ला अचूक असतो, हे कबूल करायला हवं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं या परंपरेवर पडदा टाकला.

तिसरी पाखरांच्या मागे लागलेल्या माणसांची. सालिम अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक १९४१ साली आलं आणि दुर्बीण, वही, पहाट या तीन गोष्टींवर उभा असलेला एक वेगळाच प्रवासी तयार झाला. सोलापुरात बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळढोकांकडे जगाचं लक्ष वेधलं ते याच वाटेनं. दुष्काळी कामांतून कुंपण घातलेल्या गवताच्या प्लॉटांत हा मोठा पक्षी वीण घालतो, हे त्यातूनच ठळकपणे पुढे आलं. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं.

आणि मग आपले लेखक. सोलापुरात १९३२ साली जन्मलेले आणि २०२५ साली सोलापुरातच देह ठेवलेले मारुती चितमपल्ली वनाधिकारी होते. त्यांची कर्मभूमी मात्र विदर्भ : नवेगाव, नागझिरा, मेळघाट. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ तर माळाचीच कादंबरी आहे, पण जनावरं बघायला त्यांनाही नागझिऱ्याला जावं लागलं. मराठीतलं रानावरचं चांगलं लेखन असं पूर्वेकडे, झाडीच्या मुलखात वळलं. त्या लेखनानं आम्हाला शांत बसायला शिकवलं, हे ऋण मोठं आहे. पण त्यामुळे ‘जंगल म्हणजे झाडी’ हे समीकरण वाचकाच्या डोक्यात घट्ट बसलं आणि माळ रिकामा राहिला, हेही खरं.

आजची चलती मात्र जिप्सीची आणि कॅमेऱ्याची. ताडोब्याची सफारी ज्यांनी केली आहे त्यांना ही रीत सांगायला नको : आगाऊ बुकिंग, फाटकावर हजेरी, वाघ दिसला की पंधरा गाड्या, नाही दिसला तर सहल वाया. हीच सवय घेऊन लोक माळावर येतात आणि इथे तिची पार वाट लागते. माळाला बहुतेक ठिकाणी फाटक नाही, वाघ नाही, आणि जिथं तुम्ही उभे आहात ती जमीन बहुधा कुणाची तरी आहे. आफ्रिकेच्या किंवा ताडोब्याच्या मार्गदर्शिका इथं तोकड्या पडतात त्या याचमुळे. त्या पुस्तकांतला पाहुणा सरकारचा किंवा हॉटेलाचा असतो. माळावर आलेला पाहुणा शेतकऱ्याचा असतो, मेंढपाळाचा असतो, आणि त्यांनी त्याला बोलावलेलं नसतं.

त्यांचा राग समजून घ्यायचा तर थोडं मागे जायला हवं. १९७९ साली माळढोकसाठी अभयारण्य जाहीर झालं ते तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा आणि नगर जिल्ह्यातले कर्जत, श्रीगोंदा, नेवासा हे तालुके आले. गावंच्या गावं, बाजारपेठा, रस्ते, पिकाखालच्या जमिनी सगळं कागदावर अभयारण्यात गेलं. जमिनीचे व्यवहार अडले, कामं अडली. प्रकरण न्यायालयात गेलं आणि अखेर क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. तोवर तीन दशकं उलटली होती आणि माळढोक म्हटलं की जमिनीची अडवणूक, हे लोकांच्या मनात पक्कं झालं होतं. त्यात काळवीट उगवत्या हरभऱ्यात आणि ज्वारीत शिरतो. नुकसानभरपाई मिळते, पण पंचनामा आणि हेलपाटे केल्यावर. अशा बांधावर उभं राहून ‘काय सुंदर प्राणी आहे हो!’ असं शेतकऱ्यालाच ऐकवणारा पाहुणा आमच्याकडे फारसा लोकप्रिय नाही. आधी रामराम घालावा, मामा, तात्या, आबा जे वयाला शोभेल ते म्हणावं, कुठून आलो ते सांगावं आणि आत जाऊ का म्हणून विचारावं. बहुतेक वेळा ‘जावा की’ असंच उत्तर मिळतं. हंगाम असेल तर वर हुरडाही.

आता उन्हाबद्दल, कारण इथं माणूस फसतो तो उन्हालाच. सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि माळावर सावली शोधूनही मिळत नाही. जी मिळते ती बाभळीची, म्हणजे चाळणीतून आल्यासारखी. सकाळी उजाडल्यापासून नऊपर्यंत आणि दुपारी चारनंतर, एवढाच वेळ माळ पाहुण्याचा. मधल्या वेळात जनावरंसुद्धा हलत नाहीत, तुम्ही का हलता? डोक्याला टॉवेल किंवा उपरणं, अंगात पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, रंग मातकट. पाणी माणशी किती न्यावं यावर वाद घालण्यापेक्षा वाटतं त्याच्या दुप्पट न्यावं. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे घरगुती मिश्रण बाटलीत तयार असावं. सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलं, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या तर तो थकवा नाही, उष्माघात आहे. त्याला सावलीत घ्यायचं, अंगावर पाणी ओतून वारा घालायचा आणि थेट दवाखाना गाठायचा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतू नये.

ऋतू निवडला तर यातलं बरंचसं टळतं. जिल्ह्यात पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरचा. गवत खरं देखणं दिसतं ते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा पाहुण्यांचा काळ : भोवत्या, म्हणजे परदेशातून येणारे ससाण्याच्या अंगलटीचे शिकारी पक्षी, गवतावरून खालून खालून तरंगत जाताना दिसतात. रोहितांचं गणित निराळं आहे आणि भिगवणला येणारे अनेकजण तिथंच चुकतात. रोहित उथळ चिखलपाण्यात चरतो. धरण तुडुंब असेल तर त्याला उभं राहायला जागाच नसते. म्हणून डिसेंबरची सुट्टी पकडण्याऐवजी उजनीची पातळी बघून यावं. पाणी ओसरून गाळपेर उघडी पडली की थवे उतरतात, मग तो जानेवारी असो नाहीतर मार्च. उन्हाळ्यात उशिरा येणार असाल तर नावेत बसण्याआधी आभाळ बघा. वळवाचं वारं काही मिनिटांत चढतं. २१ मे २०२४ रोजी कुगाव आणि कळाशीच्या दरम्यान अशाच वाऱ्यात प्रवासी बोट उलटली आणि सहा जण बुडाले. लाइफ जॅकेट नसलेल्या नावेत पाय ठेवू नये आणि नावाड्याला ‘थव्याच्या आणखी जवळ घे’ असं म्हणू नये. थवा उडाला की फोटो झकास येतो, पण पाखरांचं चरणं मोडतं.

पाऊस पडल्यावर दुसरीच अडचण. माळ मुरमाचा असतो, पण माळापर्यंतची वाट काळ्या रानातून जाते. त्या मातीत रुतलेली गाडी ट्रॅक्टरशिवाय निघत नाही आणि ट्रॅक्टर ज्याचा, त्याच्याच बांधावरून तुम्ही न विचारता आलेले असता. उन्हाळ्यात उलट धोका : वाळलेल्या गवतात गाडी उभी केली आणि तापलेला सायलेन्सर गवताला टेकला तर वणवा लागू शकतो. विडी-सिगारेटचं तर बोलायलाच नको. कुसळांनी मोज्यांची चाळण होते, म्हणून जाड पँट आणि बंद बूट. रात्री विजेरीशिवाय पाऊल टाकू नये, कारण फुरसं, घोणस, नाग, मण्यार हे चारही विषारी साप या भागात आहेत. दंश झालाच तर जखम कापणं, चोखणं, करकचून बांधणं यांतलं काही करू नये. तो भाग न हलवता जवळचं सरकारी रुग्णालय गाठावं. या चौघांच्या विषावर चालणारी लस एकच आहे. विंचवाची भीतीही आता पूर्वीसारखी राहिलेली नाही, आणि त्याचं मोठं श्रेय महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांना जातं. प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध विंचूदंशावर लागू पडतं, हे त्यांनी ग्रामीण दवाखान्यात काम करता करता जगाला दाखवून दिलं.

साप-विंचवापेक्षा कुत्र्यांशी गाठ पडण्याचा संभव मात्र जास्त. मेंढ्यांच्या कळपाजवळ जाताना लांबूनच हाळी द्यावी. मेंढपाळ कुत्री आवरेपर्यंत जागचं हलू नये. चावलं तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. बायकांच्या सोयीचा प्रश्न तर मार्गदर्शिका लिहिणाऱ्या पुरुषांच्या ध्यानातच येत नाही. माळावर आडोसा नसतो आणि महामार्ग सोडल्यावर स्वच्छतागृह जवळपास मिळत नाही. या पुस्तकात प्रत्येक ठिकाणाच्या माहितीत ही नोंद सगळ्यात आधी आहे.

हे पुस्तक आत्ताच का, याला कारण आहे. उजनीचं पाणी आलं तसा ऊस आला आणि यंत्रानं माळ सपाट करून फळबागा उभ्या राहिल्या. आता सौर प्रकल्प आणि विजेच्या तारा आल्या. यातलं काहीही वाईट हेतूनं झालेलं नाही. आमच्या घरांतली पोरं शिकली ती याच पाण्यावर. पण सरकारी कागदावर माळाचं नाव ‘पडीक’ असल्यामुळे त्याचं जे काही होईल ती सुधारणाच धरली जाते. झाडं तोडून माळ झाला, तेव्हा झाडं लावली की तो बरा होईल, असं मानून कित्येक चांगल्या गवताळ तुकड्यांवर ग्लिरिसिडिया लावण्यात आला. या समजुतीला २०२५ साली एक छान धक्का बसला. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी तेराव्या शतकापासूनच्या मराठी साहित्यातले आणि लोकपरंपरेतले झाडाझुडपांचे उल्लेख तपासले. पश्चिम महाराष्ट्राचा हा कोरडा पट्टा किमान साडेसातशे वर्षं असाच गवताचा आणि काटेरी झाडांचा आहे, असं त्यातून दिसलं. म्हणजे वारकरी ज्या वाटेनं पंढरीला येत होते त्या वाटेच्या कडेचं रान तेव्हाही घनदाट नव्हतं.

माळढोकाबद्दल स्पष्टच सांगतो. तो दिसेल म्हणून येऊ नका. जगात आता दीडशेच्या आसपासच माळढोक उरले आहेत, बहुतेक राजस्थानात. महाराष्ट्रातले बोटांवर मोजता येतील. मादी एका वेळी एकच अंडं घालते. समोरचं नीट दिसत नसल्यानं हा जड पक्षी उडताना विजेच्या तारांना धडकतो. उरलासुरला एखादा पक्षी शोधायला दहा गाड्या फिरल्या तर त्याचं काय होईल हे सांगायला तज्ज्ञ नको. लांडग्याची गोष्टही तशीच आहे. त्याची पिल्लं साधारण हिवाळ्यात होतात, नेमकी तुमच्या सुट्टीच्या दिवसांत. गुहेचा ठावठिकाणा फोटोबरोबर पसरला की पुढच्या रविवारी तिथं गर्दी होते आणि मादी पिल्लं हलवते. पुण्याजवळच्या काही लांडग्यांमध्ये कुत्र्याचं रक्त मिसळल्याचं जनुकीय तपासणीत आढळलं आहे. मोकाट कुत्री वाढतात ती उकिरड्यांवर, आणि सहलीला येऊन माळावर टाकलेला पुलाव, बिस्किटं, कोंबडीची हाडं यांवरही. उरलेलं अन्न डब्यात परत न्या, हा सल्ला मला म्हणूनच दुर्बिणीच्या सल्ल्याहून महत्त्वाचा वाटतो.

या पुस्तकानं काय करायचं ठरवलं आहे हेही सांगायला हवं. हा पक्ष्यांचा कोश नाही. ते काम चितमपल्लींच्या ‘पक्षिकोशा’नं आणि इतरांनी केलेलं आहे. हे फोटोग्राफीचं पुस्तकही नाही. पुण्या-मुंबईहून दोन दिवसांसाठी येणारं कुटुंब, शाळेची सहल घेऊन येणारे गुरुजी, परदेशातून सुट्टीवर आलेली नातवंडं आणि त्यांचे आजी-आजोबा, एवढा वाचक समोर ठेवून ते लिहिलं आहे. कुठं उतरावं, काय खावं, कुणाला विचारावं, काय टाळावं यावर भर आहे. सोबत न्यायला कडक भाकरी आणि शेंगांची चटणी यांच्याइतकं उन्हात टिकणारं दुसरं अन्न मला माहीत नाही, आणि या मतावर पुस्तकात कुणाशीही तडजोड केलेली नाही. नाव नसलेल्या माळांची ठिकाणं मात्र मुद्दाम दिलेली नाहीत. जिथं लांडग्याची किंवा तरसाची वीण आहे ती जागा छापायची नाही, असं सुरुवातीलाच ठरलं होतं. ज्याला तिथं खरंच जायचं आहे त्यानं गावातल्या माणसाला बरोबर घ्यावं आणि त्याच्या दिवसाची मजुरी रोख द्यावी. ‘फोटो पाठवतो’ एवढ्यावर भागवू नये.

मोडनिंबला रेल्वे आहे, कुर्डुवाडी-पंढरपूर-मिरज मार्गावरची, एकेकाळच्या बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी जिथून जायची ती. महामार्ग आहे, दवाखाने आहेत, जेवायला हॉटेलं आहेत. मुक्काम करून दोन्ही बाजूंना जाता येईल असं हे मधलं गाव आहे आणि ते तसं वापरलं जावं अशी इच्छा आहे.

अभयारण्यांच्या वेळा, प्रवेशशुल्क आणि नियम बदलत राहतात. निघण्यापूर्वी वनविभागाच्या कार्यालयात चौकशी करून घ्या आणि उजनीची पातळी त्या आठवड्याच्या वर्तमानपत्रात बघा. पुस्तकातली एखादी वाट बंद झालेली आढळली, एखादं हॉटेल उठून गेलेलं दिसलं, तर तेवढं कळवा. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती होईल.

मोडनिंब